वाक्य कुणाचं?

बोलताना अडलेल्या माणसाला शब्द पुरवावा की थांबावं? एरवी हा प्रश्न शिष्टाचाराचा. घरात कुणाला पक्षाघातानंतर अफेजिया झाला की तो हक्काचा होतो.

अफेजियात भाषेला इजा होते. समज, आठवणी, आवडीनिवडी बऱ्याच अंशी शाबूत असू शकतात. आमचे आबा गणपतीची आरती अख्खी म्हणतात, पण समोर बसलेल्या नातवाचं नाव त्यांना सापडत नाही. पाठ असलेलं येतं, नवं वाक्य जुळत नाही. 'हो' आणि 'नाही' यांचीही अदलाबदल होते.

१८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या सर्जनने लबोर्न्य नावाच्या रुग्णाला तपासलं. कितीतरी वर्षं तो जवळजवळ फक्त 'तां' एवढंच बोलायचा. इथे किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर बरोबर होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र तो भडकला आणि त्याने शिवी हासडली. आपली परीक्षा चालली आहे, हे त्याला कळलं होतं.

मला त्या उत्तरापेक्षा तो राग महत्त्वाचा वाटतो. शब्द गेले तरी मान-अपमान जात नाही.

फोनचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, पण आपण बोट लावेपर्यंत तो वाक्यात जात नाही. घरची माणसं सुचवतात आणि बोटही स्वतःच लावतात. अर्थात, शब्द अगदी ओठांवर असताना समोरच्याला मुद्दाम झगडत ठेवणं हाही छळच. म्हणून आधी 'सांगू का?' असं विचारावं.

गेल्या वर्षी शेताचा तुकडा विकायचा विषय निघाला. आबा 'हो, हो' म्हणाले. मान मात्र नकारार्थी हलत होती. काका म्हणाले, "आबांचा होकार आहे." त्यांचा हेतू वाईट नव्हता, उपचारांची बिलं खरी होती. आत्याने टीव्ही बंद केला, दोन कागदांवर मोठ्या अक्षरांत 'विकू' आणि 'ठेवू' लिहिलं. आबांनी डावा हात 'ठेवू'वर ठेवला. कागदांच्या जागा बदलल्या, तरी हात तिथेच गेला. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

ते उत्तर आम्हाला परवडणारं नव्हतं. काकांना कर्ज काढावं लागलं. पण नेमकी इथेच कसोटी लागते. वाट बघण्याचा धीर शिकता येतो. आलेलं उत्तर गैरसोयीचं असलं तरी मानायची तयारी नसेल, तर ती वाट बघणं नुसतं सौजन्याचं नाटक ठरतं. ज्याचं वाक्य आहे, त्याला ते आपल्याविरुद्ध पूर्ण करण्याचीही मुभा हवी.