पाळत ठेवणाऱ्यावर नजर कोणाची?

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर म्हणजे वऱ्हाडाच्या लेखी रुक्मिणीचे माहेर. तिवसा तालुक्यातल्या या गावी दिवाळी सरली की कार्तिकात यात्रा भरते. रुक्मिणीहरणाची कथा इथे लहानथोरांना पाठ असते. तिच्यातले पत्र मात्र मला अलीकडे फार महत्त्वाचे वाटू लागले आहे. भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न ठरवून बसलेला, राजवाडा त्याच्या मुठीत. राजकन्येने एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडला. रुक्मीच्या माणसांनी तो वाटेत अडवला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. सत्तेपुढे एकट्या पडलेल्या माणसाला आपल्या माणसाशी निर्धास्त बोलता येणे, हाच त्याचा पहिला आधार असतो.

याच अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांचा फोन टॅप झाल्याचे प्रकरण आपण विसरत चाललो आहोत. 2021 च्या पावसाळी अधिवेशनात नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितले की, आपण खासदार असताना आपला फोन ‘अमजद खान’ या नावाने ऐकला जात होता. चौकशी लागली. कडूंचा क्रमांक ‘निजामुद्दीन बाबू शेख’ या नावाखाली असल्याचे समोर आले. कारण दाखवले होते अमली पदार्थांच्या व्यापाराचे. फेब्रुवारी 2022 मध्ये पुण्याच्या बंडगार्डन ठाण्यात, टॅपिंगच्या वेळी पुण्याच्या पोलीस आयुक्त असलेल्या रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांच्या फोन टॅपिंगवरून दुसरा गुन्हा मुंबईत कुलाब्याला नोंदला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये सरकार बदलले. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, मुंबईच्या प्रकरणात शासनाने खटल्याला मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी 2024 मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या.

मी इथे कोणाला दोषी धरत नाही. गुन्हे रद्द झाले, कायद्याच्या दृष्टीने त्या व्यक्तीचा विषय संपला. पण लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचा फोन परक्या नावाने ऐकला गेला असेल, तर ते कळायला सरकार बदलावे लागते आणि पुन्हा सरकार बदलले की विषय मिटतो, हे मला सहन होत नाही. एका राजवटीत तक्रार, दुसरीत समाप्ती. विधिमंडळ या सगळ्यात कुठे होते? भाषणापुरते.

परवानगीचा कागद कसा फिरतो ते पाहू. पोलीस गृहखात्याकडे प्रस्ताव पाठवतात. त्यात क्रमांक, नाव, कारण. गृहसचिव सही करतात. आदेश 60 दिवस चालतो आणि वाढवत नेला तरी 180 दिवसांच्या पुढे जात नाही. मग मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची पुनर्विलोकन समिती तो तपासते. तिच्यातही सगळे सचिवच. आता कागदावर आमदाराऐवजी ‘निजामुद्दीन’ लिहिले असेल, तर सही करणाऱ्याला काय कळणार आणि तपासणाऱ्याला तरी काय? दोघांच्याही समोर तोच कागद. ही समितीची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर घालून दिली, कारण 1885 च्या टेलिग्राफ कायद्यात अशी कोणतीच तपासणी नव्हती. त्या वेळी ते मोठे पाऊल होते. पण न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये लिहून ठेवले की, केंद्राच्या पुनर्विलोकन समितीला दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या प्रत्येक बैठकीत 15 ते 18 हजार आदेश तपासावे लागतात. हे काम कोणाच्याही हातून होणे नाही. टेलिग्राफ कायदा गेला, 2023 चा दूरसंचार कायदा आला, तरी अधिकाऱ्यांनीच अधिकाऱ्यांना तपासायची रीत कायम आहे.

संसदेचेही फारसे वेगळे नाही. जुलै 2021 मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरवर प्रश्न विचारायला शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालची माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समिती बसली, तेव्हा सत्ताधारी सदस्यांनी हजेरीपटावर सह्याच केल्या नाहीत. गणसंख्येअभावी बैठक होऊ शकली नाही. अमेरिकेतही गुप्तचर संस्था नागरिकांवर पाळत ठेवत होत्या, पण 1975 मध्ये तिथल्या सिनेटने फ्रँक चर्च यांची समिती नेमली, चौकशी केली आणि 1978 मध्ये न्यायालयाच्या आदेशाशिवाय अशी पाळत ठेवण्याला कायद्याने लगाम घातला. तो पुढे सैल झाला, ही गोष्ट वेगळी. निदान तो घालण्याची हिंमत सभागृहाने दाखवली.

मग उरते न्यायालय. म्हणूनच न्यायाधीश कोण होतो, कसा होतो, याकडे लोकांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. 2025 मध्ये आरती साठे यांच्या मुंबई उच्च न्यायालयातल्या नेमणुकीवरून वाद झाला, कारण त्या पूर्वी भाजपच्या प्रवक्त्या होत्या. पक्षात काम केलेला माणूस न्यायाधीश होऊच नये, असे मला वाटत नाही. मात्र न्यायाधीश निवडणाऱ्या कॉलेजियमने नाव पुढे करताना पक्षाशी असलेल्या नात्याचा प्रश्न विचारला का आणि उत्तर काय मिळाले, हे लोकांसमोर यायला हवे होते. याबाबतीत अमरावतीचेच भूषण गवई यांचे वागणे मला आदर्श वाटते. जुलै 2023 मध्ये राहुल गांधींची याचिका समोर आली, तेव्हा त्यांनी आपले वडील काँग्रेसशी जवळीक असलेले होते आणि भाऊ राजकारणात आहे, हे भर न्यायालयात सांगितले आणि कोणाची हरकत आहे का, असे दोन्ही बाजूंना विचारले. हरकत नव्हती, म्हणून सुनावणी झाली. वडील रा. सू. गवई हे विधान परिषदेचे माजी सभापती. दारापूरच्या या घराने सत्ता जवळून पाहिली होती, तरी मुलाने ते नाते झाकून ठेवले नाही. मे 2025 मध्ये ते सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद घेणार नसल्याचेही त्यांनी जाहीर करून टाकले.

पण राज्य एकेका माणसाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधकाकडे देण्याचा संकेत आपल्याला नवा नाही. तशीच दोन्ही सभागृहांची समिती पाळतीसाठी करावी. बैठका बंद दाराआड घ्या, पण मूळ क्रमांक कोणाचा आहे हे पडताळण्याचा अधिकार तिला द्या. वर्षाला किती आदेश निघाले, किती रद्द झाले, हा आकडा पटलावर ठेवा. ज्याच्यावर विनाकारण पाळत ठेवली, त्याला मुदतीनंतर तसे कळवा. तपासाला यातून कोणताही अडथळा होत नाही.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात, आपल्या दाराशी भरते. वाचकहो, तुमचा आमदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला भेटून विचारा: या समितीची मागणी तुम्ही सभागृहात मांडणार की नाही? उत्तर लेखी मागा.