रेक्टरच्या खिशातली किल्ली

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ट्रॉय नावाचं एक छोटं गाव आहे आणि तिथे ट्रॉय स्टेट हे सरकारी विद्यापीठ. फेब्रुवारी १९६८ च्या अखेरीस गावच्या पोलिसप्रमुखाच्या कानावर आलं की वसतिगृहातल्या काही मुलांकडे गांजा आहे. २८ तारखेला तो राज्याच्या अमली पदार्थ पथकातल्या दोघांना घेऊन विद्यापीठात गेला. परीक्षांचा आठवडा चालू होता, मुलं बॅगा भरून सुट्टीवर निघण्याच्या बेतात होती. पोलिसांनी विद्यापीठाच्या डीनला सोबत घेतलं, दारं उघडली आणि खोल्या तपासल्या. एका खोलीत पहिल्यांदा काहीच हाती लागलं नाही म्हणून तीच खोली पुन्हा तपासली, तेव्हा गांजा मिळाला. न्यायाधीशाची सही असलेला कागद कुणाकडेही नव्हता. विद्यार्थ्यांना कुणी विचारलं नव्हतं. डीनसाहेब बरोबर आहेत, एवढ्यावर काम भागलं होतं.

डीनसाहेबांकडे आधार होता तो नियमपुस्तिकेचा. पाहणीसाठी खोलीत येण्याचा हक्क संस्था राखून ठेवते. प्रशासनाला गरज वाटली तर झडती घेतली जाईल आणि विद्यार्थ्याला आपलं बंद सामानसुद्धा उघडून दाखवावं लागेल, असं कलम त्या पुस्तिकेत होतं. वसतिगृहात राहायचं तर हे मान्य करूनच राहायचं. आपल्याकडच्या कुठल्याही होस्टेलच्या प्रवेश अर्जाची मागची बाजू उलटली की याचं मराठी भावंड सापडतं, अर्थात ती बाजू वाचून सही करणारा विद्यार्थी किंवा पालक मी अजून पाहिलेला नाही.

त्या एका दिवसाच्या झडत्यांतून दोन वेगळी प्रकरणं उभी राहिली. ज्याला विद्यापीठाने बेमुदत निलंबित केलं असा एक विद्यार्थी त्याविरुद्ध संघराज्य न्यायालयात गेला. दुसऱ्या दोघांवर फौजदारी खटला चालला आणि त्यांना पाच पाच वर्षांची कैद झाली. तेही पुढे त्याच न्यायालयाच्या पायरीवर आले. दोन्ही प्रकरणं आली फ्रँक जॉन्सन यांच्यासमोर. माँटगोमेरीच्या बसमधली वर्णभेदी आसनव्यवस्था १९५६ साली घटनाबाह्य ठरवणाऱ्या पीठातले हे न्यायाधीश, आणि १९६५ मध्ये सेल्माहून निघणाऱ्या मोर्चाला परवानगी देणारेही हेच. सत्तेला घाबरणारा माणूस नव्हे. पण त्यांनी पहिल्या विद्यार्थ्याला १९६८ मध्ये हात हलवत परत पाठवलं. संस्थेला शिस्त राखायची असते, त्यासाठी खोलीत शिरण्याचा तिला वाजवी अधिकार आहे, असं त्यांचं म्हणणं. कैद झालेल्या दोघांच्या बाबतीत मात्र १९७० मध्ये त्यांनी झडती बेकायदा ठरवली. पियाझ्झोला विरुद्ध वॉटकिन्स या नावाने हा खटला ओळखला जातो. १९७१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल उचलून धरला.

त्या निकालाचा गाभा सांगायला सोपा आहे. वसतिगृहाची किल्ली संस्थेकडे असते ती नळ गळतो, वायर जळते, कुणी आजारी पडतं यासाठी, आणि फार तर शिस्तीसाठी. ती किल्ली पोलिसांना उसनी देण्याचा अधिकार संस्थेला नाही. खोलीतल्या खासगीपणाचा हक्क विद्यार्थ्याचा आहे. तो सोडायचा असेल तर त्यानेच सोडायचा. डीनची संमती ही डीनची संमती, तिने विद्यार्थ्याच्या संमतीची जागा भरून निघत नाही.

जॉन्सन यांचा पहिला निकाल मला आजही पटत नाही. तोच दिवस, तेच पोलिस, तीच कपाटं. पण तुरुंगात जाणाऱ्याला संरक्षण आणि पदवी गमावणाऱ्याला नाही. वीस वर्षांच्या पोरासाठी विद्यापीठातून हाकललं जाणं ही काय किरकोळ गोष्ट आहे? मिशिगनमधल्या एका संघराज्य न्यायालयाने १९७५ साली, ग्रँड व्हॅली इथल्या सरकारी महाविद्यालयाच्या प्रकरणात, शिस्तीच्या कारवाईसाठी घेतलेली झडतीही राज्यघटनेच्या कक्षेत येते असं ठणकावलं. पण ती वाट सर्वत्र रुळली नाही.

या तत्त्वाची सगळ्यात मजेदार परीक्षा एका मांजरीने घेतली. १९९३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फिचबर्ग इथल्या सरकारी महाविद्यालयात दुरुस्ती कामगाराला एका खोलीतून मांजरीचा आवाज आला. वसतिगृहात मांजर पाळायला बंदी. कर्मचारी मांजर शोधायला आत गेले, तर कपाटाच्या फटीतून उजेड येताना दिसला. आग लागायची, म्हणून त्यांनी कपाट उघडलं. आत खास दिव्याखाली चार चार फुटांची गांजाची दोन झाडं डोलत होती. इथवर सगळं नियमाला धरून. मग त्यांनी महाविद्यालयाच्या आवारातल्या पोलिसांना बोलावलं, पोलिसांनी आत येऊन फोटो काढले आणि झाडं उचलून नेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की कर्मचाऱ्यांनी मांजरीसाठी आत जाणं योग्य, पोलिसांनी वॉरंटशिवाय आत जाणं अयोग्य. झाडं डोळ्यांसमोर होती, पळून जाणार नव्हती; बाहेर थांबून न्यायाधीशाची सही आणता आली असती. पुरावा बाद झाला.

हे वाचून कुणाला वाटेल की अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची खोली म्हणजे किल्लाच. तसं नाही. त्या किल्ल्याला चोरवाटा बऱ्याच आहेत. १९७८ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या आवारात जिनची बाटली घेऊन चाललेल्या एका मुलाला पोलिसाने हटकलं. मुलगा कायद्याने दारू पिण्याच्या वयाचा नव्हता. ओळखपत्र खोलीवर आहे म्हणाला. पोलिस त्याच्या मागोमाग गेला, दारात उभा राहिला आणि आतल्या टेबलावरच्या गांजाच्या बिया त्याच्या नजरेस पडल्या. अडकला तो खोलीतला जोडीदार. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसाची बाजू घेतली: अटक केलेल्या माणसाच्या सोबत राहण्याचा त्याला हक्क आहे आणि समोर जे उघड दिसलं ते दिसलं.

दुसरी आणि मोठी चोरवाट म्हणजे संमती. दारावर टकटक होते, पोलिस हसतमुखाने विचारतो, जरा आत येऊ का? घाबरलेला मुलगा मान हलवतो. संपलं. नाही म्हणता येतं हे सांगण्याची जबाबदारी पोलिसावर नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून ठेवलंय. खोलीतला जोडीदार सामाईक जागेपुरती संमती देऊ शकतो. मात्र दुसरा तिथे हजर असून नकार देत असेल, तर २००६ च्या निकालानुसार नकार भारी ठरतो. शिवाय घटनेचं हे बंधन सरकारवर आहे. खासगी विद्यापीठाचे कर्मचारी स्वतःहून खोली तपासतात तेव्हा करारातल्या अटी पुढे येतात. आपल्याकडची जी मुलं कर्ज काढून तिकडच्या खासगी विद्यापीठांत जातात त्यांना फीचा आकडा तोंडपाठ असतो. या अटी नसतात.

आणि ही मुलं थोडीथोडकी नाहीत. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या तीन लाख एकतीस हजारांवर होती. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नगररचनेवर पीएचडी करणाऱ्या एका भारतीय विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द झाला आणि स्थलांतर खात्याचे अधिकारी विद्यापीठाच्या घरात तिच्या दाराशी आले. आतल्यांनी दार उघडलं नाही. अधिकारी पुन्हा आले, पुन्हा दार बंदच. तेवढ्या अवधीत ती कॅनडाला निघून गेली. तिच्या जाण्यानंतर अधिकारी न्यायाधीशाचं वॉरंट घेऊन आले आणि तेव्हा झडती झाली. ती विद्यार्थिनी बरोबर होती की चूक हा इथे मुद्दाच नाही. कागदाविना आलेल्याला बंद दारामागून नाही म्हणता येतं, हे त्या घरात कुणाला तरी माहीत होतं, आणि त्यामुळे तिला विचार करायला काही दिवस मिळाले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या राज्यघटनेत झडतीविरुद्धचं संरक्षण जवळजवळ आलंच होतं, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये मूलभूत हक्कांचा जो मसुदा मांडला त्यात अवाजवी झडतीपासून संरक्षणाची तरतूद होती. समितीच्या टप्प्यावर ती गळाली. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ती दुरुस्ती म्हणून पुन्हा आणली. आंबेडकर ती स्वीकारायला तयार होते. हे फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीच आहे, पण विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेलं बरं, अशी त्यांची भूमिका. सभागृहात कुरबूर झाली, विषय लांबणीवर पडला आणि अखेर तरतूद राहून गेली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं: घटनाकारांनी असं काही लिहिलेलं नाही, तर आम्ही ते कसं वाचायचं? तो अडसर २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने दूर झाला. खासगीपणा मूलभूत हक्क ठरला.

पण हक्क मोडल्यावर पुढे काय? अमेरिकेत १९६१ पासून राज्यांच्या न्यायालयांतही बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा बाद होतो. ट्रॉयची पोरं त्यामुळे सुटली. आपल्याकडे आयकराच्या एका प्रकरणात, पूरण मल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने उलटं सांगून ठेवलं: झडती बेकायदा असली तरी त्यात मिळालेला पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल तर तो चालतो. अमली पदार्थविरोधी कायद्याखाली न्यायालयं थोडी कडक आहेत. अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क सांगितला नाही, तर त्या झडतीतली जप्ती टिकत नाही. गंमत अशी की हे संरक्षण अंगापुरतं. बॅग, कपाट, गादी यांना ते लागू नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुट्टस्वामीच्या आधारे एका प्रकरणातली बेकायदा टॅप केलेली संभाषणं नष्ट करायला लावली. वाट किलकिली झाली आहे. पण सांगलीच्या किंवा नांदेडच्या होस्टेलमधल्या झडतीपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

कागदावर आपला कायदा वाईट नाही, उलट काही बाबतीत चांगलाच नेटका आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यात वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर अधिकाऱ्याने कारणं आधी लेखी नोंदवावीत असं आहे. परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत. जागेत राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायलाच हवं, जप्त मालाच्या यादीची प्रत त्याला द्यायला हवी, स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. आणि नव्याने आलेली सक्ती: सगळ्या झडतीचं चित्रीकरण. पण होस्टेलमध्ये पंच म्हणून सही कोण करणार? वॉचमन आणि मेसचा माणूस. दोघांचा पगार संस्था देते. त्यांच्या स्वतंत्रपणाबद्दल न बोललेलं बरं.

यादीची प्रत मागणारा विद्यार्थी आणि मागू देणारा रेक्टर, दोघेही दुर्मीळ. रेक्टर वाईट असतो असं नव्हे. आपल्याकडे तो आईबापांच्या जागी असतो. संध्याकाळी हजेरी घेतो, ताप आला तर रिक्षा बोलावतो. घरी आई न विचारता कपाट उघडते, तसंच इथेही असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. अमेरिकी महाविद्यालयांचाही हाच पवित्रा होता. त्याला पहिला धक्का १९६१ मध्ये बसला. वर्णभेदी उपाहारगृहात ठिय्या मारणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांना अलाबामाच्याच एका महाविद्यालयाने सुनावणीविना काढलं होतं. बाजू मांडू दिल्याशिवाय काढता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. तो निकाल लिहिणारे रिचर्ड राइव्ह्ज यांनीच दहा वर्षांनी ट्रॉयच्या अपिलाचा निकाल लिहिला.

डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या जामिया विद्यापीठात पोलिस ग्रंथालयात शिरले आणि त्याच रात्री अलीगढ विद्यापीठाच्या वसतिगृहात. त्यानंतर देशभर एकच प्रश्न गाजला: कुलगुरूंची परवानगी होती का? अशी परवानगी घेणं हा संकेत आहे, फौजदारी कायद्यात तशी सर्वसाधारण अट नाही. तरी डावे, उजवे, प्राध्यापक, संपादक सगळे त्या परवानगीभोवतीच फिरत राहिले. जणू परवानगी असती तर सगळं रीतसर झालं असतं. ज्याच्या खोलीचं दार लाथेने उघडलं जातं त्याची संमती होती का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ट्रॉयच्या डीनने मान डोलावली होतीच की.

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांचं तर आणखी त्रांगडं. एका खोलीत चार कॉट, चौघांच्या चार ट्रंका, भाडेकरार नाही, घरमालक खालच्या मजल्यावर. पोलिस आले तर दार घरमालक उघडणार आणि ट्रंक तो मुलगा नसताना उघडली जाणार. त्यातल्या निम्म्यांचं स्वप्न फौजदार व्हायचं असतं, आणि झडतीची कलमं त्यांना परीक्षेपुरती पाठ असतात.

पालकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ड्रग्ज होस्टेलपर्यंत पोचलेत, आणि तुम्ही वॉरंटच्या गोष्टी करता? त्यांची भीती खरी आहे. पण ट्रॉयच्या पोलिसांना खबर आधीच लागली होती. नावं कळली होती, न्यायालय होतं. गांजा विकणाऱ्याला पकडायला तेवढा अवधी पुरेसा असतो. फिचबर्गची झाडं तर एका जागी उभीच होती. वॉरंट आणायला थोडा वेळ लागतो, आणि रेक्टरला तेवढाच वेळ दारात उभं राहून थांबा म्हणायचं असतं. होस्टेलच्या नियमपुस्तिकेत जेवणाच्या वेळा, इस्त्रीवर बंदी, पाहुण्यांची नोंद असं सगळं सापडतं. किल्ली कशासाठी वापरली जाईल, पोलिस आले तर रेक्टर कुठला कागद मागेल, विद्यार्थ्याला कधी कळवेल, यादीची प्रत कोण सांभाळेल, याबद्दल एक ओळ नसते. ती लिहायला संसदेची गरज नाही, व्यवस्थापन समितीची एक बैठक पुरते. येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या बापाने सही करण्याआधी अर्ज उलटून खिडकीतल्या कारकुनाला हे विचारावं. कारकून वैतागेल, मागचे ओरडतील, तरी विचारावं.