काडेपेटीतली अक्कल

गेल्या मे महिन्यात आमच्या वाचनालयाच्या माडीवर आठवी-नववीची अकरा मुलं सतरंजीवर बसून रिकाम्या काडेपेट्यांवर कागद चिकटवत होती. एकूण २४ पेट्या. प्रत्येक पेटीवर नऊ घरांचा छोटासा पट, त्यावर काळी-पांढरी प्यादी आणि काही रंगीत बाण. पेटीच्या आत त्या त्या रंगाचा एकेक मणी. खेळ सोपा आहे. समोरासमोर तीन-तीन प्यादी, बुद्धिबळातल्यासारखी एक घर पुढे सरकतात आणि तिरकी मारतात. पलीकडच्या ओळीत पोचलात, समोरची सगळी प्यादी मारलीत किंवा समोरच्याला चालच उरू दिली नाहीत, की जिंकलात. पांढरी मुलांची, काळी पेट्यांची. पहिली चाल नेहमी पांढऱ्याची. पेट्यांची पाळी आली की पटावरच्या स्थितीशी जुळणारी पेटी शोधायची, हलवायची, न बघता एक मणी काढायचा आणि त्या रंगाच्या बाणाप्रमाणे काळं प्यादं चालवायचं. पेट्या हरल्या, तर त्यांच्या शेवटच्या चालीचा मणी जप्त. जिंकल्या, तर सगळे मणी जागच्या जागी. शिकवणं म्हणतात ते एवढंच.

सुरुवातीला पेट्या हरत होत्या आणि मुलं हसत होती. विसाव्या डावाच्या आसपास हसणं कमी झालं. संध्याकाळपर्यंत त्यांना पेट्यांना हरवता येईना. तेव्हा एक मुलगी पुढे सरकली आणि एकेक पेटी उघडून आत बघायला लागली. सगळ्या बघून झाल्यावर म्हणाली, "बाई, पण ह्याला कळलं कुठे?"

मी तीस वर्षं गणित शिकवलं. इतका नेमका प्रश्न वर्गात फार थोड्या वेळा ऐकला.

हा खेळ माझा नाही. मार्टिन गार्डनर यांनी तो १९६२ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या गणिताच्या सदरात वाचकांना करायला दिला होता. त्यांना तो सुचला डोनाल्ड मिची यांच्या यंत्रावरून. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला सांकेतिक संदेश उलगडणाऱ्यांपैकी मिची एक होते, ॲलन ट्युरिंग यांचे तिथले सहकारी आणि मित्र. यंत्राला शिकवता येतं हे दाखवायचं होतं, पण हाताशी कॉम्प्युटर नव्हता. म्हणून १९६१ साली त्यांनी ३०४ काडेपेट्या आणि रंगीत मणी घेऊन फुल्ली-गोळा खेळणारं यंत्र केलं. आमच्या शाळेत कॉम्प्युटरच धड नाहीत, मग एआय कसलं शिकवणार, असं कोणी म्हणालं की मी त्यांना मिचींची गोष्ट सांगते.

मुळात कल्पना ट्युरिंग यांची. १९५०च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात त्यांनी सुचवलं होतं, की मोठ्या माणसाचं मन यंत्रात उतरवण्याच्या मागे लागण्यापेक्षा लहान मुलाचं मन उतरवावं आणि मग त्याला शिकवावं. म्हणजे एआयच्या विचारात मूल पहिल्यापासून आहे, फक्त ते यंत्राच्या जागी आहे. खरंखुरं मूल यंत्रासमोर कोणत्या नात्यानं बसणार, हे विचारायला आणखी काही वर्षं जावी लागली.

ते विचारलं सेमोर पेपर्ट यांनी. जिनिव्हात जाँ पियाजे यांच्याकडे काही वर्षं काम करून ते अमेरिकेत एमआयटीत आले. मूल ज्ञान साठवत नाही, ते आपल्या हातांनी घडवतं, ही पियाजेंची शिकवण त्यांच्यात मुरलेली होती. १९६७ साली त्यांनी सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झीग यांच्याबरोबर मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आलं. पुढे १००, उजवीकडे ९०, असं चार वेळा सांगितलं की कासव चौकोन काढतं. वर्तुळ कसं काढायचं हे सुचलं नाही, तर पेपर्ट मुलांना सांगत, तूच कासव हो आणि चालून बघ. एक पाऊल पुढे, थोडं वळ, पुन्हा एक पाऊल. यंत्राला समजावता समजावता मूल स्वतःचा विचार समोर मांडून बघतं, त्यातली चूक शोधतं, ही त्यांची दृष्टी होती. हे पेपर्ट एआय प्रयोगशाळेच्या प्रमुखांपैकी एक होते, हे आपण विसरतो. मुलांनी एआयच्या जवळ जावं हा विचार हल्लीचा नाही, त्याला साठ वर्षं होत आली.

तो आपल्यापर्यंत पोचेपर्यंत मात्र आटत गेला. १९८४-८५च्या सुमारास 'क्लास' प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर भारतातल्या काही शाळांत आले. मी ज्या शाळेत होते तिथे कॉम्प्युटर पोचला त्याच्या बऱ्याच नंतर. त्याची खोली वेगळी, कुलूप वेगळं, चपला बाहेर काढायच्या. मुलं रांगेनं आत जाऊन दोन-दोन मिनिटं कळफलक दाबून यायची. २००१ला एमएस-सीआयटी सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींचा, गृहिणींचा, कारकुनांचा कॉम्प्युटरशी संबंध आला. मला त्याचं मोल आहे, माझ्या धाकट्या बहिणीला नोकरी त्या प्रमाणपत्रावर मिळाली. पण शिकणं म्हणजे चालवता येणं, हे समीकरण तिथे पक्कं झालं. मीही तेच धरून चालले होते. २०१९-२० पासून सीबीएसईनं नववीला एआय हा ऐच्छिक विषय ठेवला, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की बरं झालं, पुढे नोकऱ्या तिथेच आहेत.

हे मत बदललं ते २०२२च्या अखेरीला चॅटजीपीटी आल्यानंतर. आमच्या वाचनालयाच्या निबंधस्पर्धेतले निबंध अचानक गुळगुळीत झाले. शुद्धलेखन चोख, आणि 'माझी आजी' या विषयावर सतरा आज्या एकाच स्वभावाच्या. मी संतापले. मुलांना यापासून लांब ठेवावं असं कार्यकारिणीत मांडलंसुद्धा. त्या रात्री झोप लागेना तेव्हा जोसेफ वायझेनबाउम यांची सेक्रेटरी आठवली.

वायझेनबाउम पेपर्ट यांच्याच संस्थेत होते. १९६६ साली त्यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तुम्ही काही लिहिलंत की तो त्यातले शब्द उलटवून प्रश्न करायचा. 'मला उदास वाटतं' म्हटलं, तर 'तुम्हाला उदास का वाटतं?' असं काहीसं. आत समज नव्हतीच. त्यांच्या सेक्रेटरीनं तो महिनोन्‌महिने घडताना पाहिला होता. तरी त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलून झाल्यावर तिनं वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितलं, कारण तिला त्याच्याशी एकांतात बोलायचं होतं. त्यांना त्याचा एवढा धक्का बसला, की पुढे १९७६ साली त्यांनी कॉम्प्युटरवर काय सोपवू नये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. एकाच आवारात, जवळजवळ त्याच काळात, एकाला यंत्रात मुलांसाठी आशा दिसत होती आणि दुसऱ्याला भीती.

मला दोघंही खरे वाटतात. एका प्रौढ, जाणत्या बाईची ही गत होते, तर चौदा वर्षांच्या मुलाचं काय? घरात बोलता येत नाही, मित्र हसतील, असं कितीतरी त्या वयात मनात असतं. आणि आता समोर असं यंत्र आहे जे कधी कंटाळत नाही, रागावत नाही, रात्री दोनलाही उत्तर देतं. लांब ठेवून ठेवणार किती? आणि पियाजे म्हणत त्याप्रमाणे अकरा-बारानंतरच 'समजा असं असेल तर' हा विचार मुलांना पेलायला लागतो. म्हणजे यंत्र मनात शिरतं त्याच वयात यंत्राचा थांग घेण्याची ताकदही येते. ही वेळ गाठायला हवी, म्हणून मी काडेपेट्या गोळा केल्या.

त्यानं भूल पडायची थांबते असा माझा दावा नाही. एका मुलानं पेट्यांना नाव ठेवलं होतं आणि सलग चार डाव हरल्यावर तो त्यांच्यावर खरोखर चिडला. मणी त्यानंच स्वतःच्या हातानं काढले होते! पण चिडता चिडता तो म्हणाला, "ही चौदावी पेटी, हिच्यात एकच मणी उरलाय, म्हणून." त्या सेक्रेटरीनं यंत्र घडताना पाहिलं होतं, यानं ते घडवलं होतं. भूल पडली तरी ती कुठल्या पेटीतून आली हे त्याला सांगता येत होतं.

मोठ्या यंत्रांत असं बोट ठेवता येत नाही, हेही मी मुलांना सांगितलं. २०२० सालच्या जीपीटी-३ मध्ये मण्यांच्या जागी १७५ अब्ज आकडे होते. अफाट मजकूर वाचत, पुढचा शब्द कोणता याचा अंदाज चुकला की ते किंचित हलवले जातात. कुठल्या आकड्यात काय आहे, हे घडवणाऱ्यांनाही सहज सांगता येत नाही. पण शिकण्याची जात ओळखीची आहे: जे पुढ्यात आलं त्यावरूनच शिकायचं.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. 'कळलं कुठे' विचारणाऱ्या मुलीनं पेट्यांचा नवा संच भरून त्याला शिकवताना प्रत्येक डाव मधल्या प्याद्यानं सुरू केला होता. तिचा संच अजिंक्य झाला. मग एका मुलानं कडेचं प्यादं पुढे टाकलं आणि संच तीन चालींत गडबडला. त्या चालीनंतर लागणाऱ्या पेट्यांतला एकही मणी कधी निघालाच नव्हता.

त्याच दुपारी आम्ही फोनवर एका यंत्राला 'आगोट' म्हणजे काय ते विचारलं. आमच्याकडे पावसाआधीचे ते दिवस, सुकी मासळी, कांदे, लाकूडफाटा भरून ठेवायचे. यंत्रानं ठामपणे सांगितलं, शेकोटीची जागा. शेकोटीच्या 'आगटी'शी त्यानं गल्लत केली असावी. मुलं खो-खो हसली. ती मुलगी हसली नाही. "म्हणजे आपल्याकडनं कोणी खेळलंच नाही याच्याशी," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा सोबत पाच वर्षांचा धाकटा भाऊ होता. "हा कुठलंही प्यादं सरकवतो बाई," असं म्हणून तिनं त्याला पटासमोर बसवलं आणि स्वतः पेट्या लावायला घेतल्या.