वीणा कोणाच्या गळ्यात?

अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले की आक्षीनंतर आमचे नागाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या पलीकडे समुद्र. आषाढात आम्ही भाताच्या आवणीत गुडघाभर चिखलात उभे असतो, म्हणून इकडच्या पुष्कळ घरांची वारी कार्तिकीची. ज्यांना तीही साधत नाही ते वरसोलीच्या विठोबाच्या जत्रेत माथा टेकून येतात.

गावची बरीचशी तरुण मंडळी आता मुंबई-पुण्याला आहेत, काही आखातात आहेत. सप्ताह कधी, कीर्तन कोणाचे, कोणाच्या घरी काय बरे-वाईट झाले, हे त्यांना कळावे म्हणून आमच्या भजनी मंडळींचे एक पत्र दर शुद्ध एकादशीला ईमेलने जाते. लिहिण्याची सेवा माझ्याकडे. माझे वय झाले, टंकताना बोटे अडखळतात. एका पत्राला दोन-दोन दिवस लागत. ते पाहून नातवाने मला संगणकावरचा एआय सहायक दाखवला. म्हणाला, "आजोबा, तुम्ही चार मुद्दे सांगा. बाकीचे हा लिहील."

आणि खरोखरच त्याने लिहिले. शुद्धलेखन नीट, वाक्ये गोड, शेवटी शुभेच्छाही. परदेशातल्या नातवंडांसाठी त्याचे इंग्रजीही करून दिले. मला वाटले, पांडुरंगाने म्हातारपणी एक लेखनिक धाडला. तीन-चार एकादश्या अशा सुखात गेल्या.

मग आमचे वीणेकरी दादा गेले. आमच्या दिंडीत वर्षानुवर्षे वीणा त्यांच्या गळ्यात असे. मी सहायकाला चार ओळी दिल्या. नाव, वय, गाव, आणि दिंडीत वीणेकरी होते हे. क्षणात श्रद्धांजली समोर आली. वाचता वाचता माझे डोळे भरले. मी तशीच ती पाठवून दिली. लगेच उत्तरे आली. "काका, काय लिहिलेत!" असे कितीजणांनी कळवले.

तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेलो. त्या ओटीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, पत्र मुलाने वाचून दाखवलं. फार छान लिहिलंत. पण एक विचारू? माझ्या आजारपणातली ती तीन वर्षं कुठं गेली?"

मला आधी कळेना. घरी येऊन पत्र पुन्हा काढले. त्यात वाक्य होते की आयुष्यभरात दादांची एकही वारी कधी चुकली नाही. आणि मग सारे आठवले. वहिनींना अर्धांगवायू झाला होता. ओळीने तीन कार्तिकी दादा पंढरीला गेले नाहीत. दिंडी निघाली की ते वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालत, त्याच्या पाया पडत, फाट्यापर्यंत टाळ वाजवत येत आणि तिथून मागे फिरत. घरी वहिनींना औषध द्यायची वेळ झालेली असे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. तिसऱ्या वर्षी तर वीणा माझ्याच गळ्यात घातली होती.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो आणि चूक कबूल केली. वहिनी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "त्यांनी वारी चुकवली ती माझ्यासाठी. तुमच्या पत्रात ते फार मोठे झाले, पण माझे राहिले नाहीत."

त्या दिवसापासून मी या गोष्टीचा विचार करीत आहे. दोष यंत्राचा म्हणावा का? हा सहायक कोणाला भेटत नाही, काही पाहत नाही. माणसांनी लिहिलेले अफाट लिखाण दाखवून त्याला शिकवलेले असते की अशा शब्दांमागून बहुधा कोणते शब्द येतात. वीणेकरी म्हटले, निधन म्हटले, की "एकही वारी चुकली नाही" हे वाक्य मागून येण्याचा संभव जास्त. शेकडो वारकऱ्यांविषयी तसे लिहिले गेले असेल आणि ते खरेही असेल. आमच्या दादांविषयी ते खरे नव्हते. मी जिथे जागा मोकळी सोडली तिथे त्याने सर्वसाधारण वारकरी भरला. आमच्या वाड्यांतून पूर्वी रहाट असत. रहाट पाणी वर आणतो, पाणी निर्माण करीत नाही. हा नवा रहाट असा की आपण आपल्या विहिरीत पोहरा सोडला नाही, तर तो दुसऱ्यांच्या विहिरींचे पाणी आणून आपल्या पाटात सोडतो. पाणी गोडच असते, म्हणून फरक कळत नाही.

पण मला बोचते ते वेगळेच. यंत्राला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. वीणा माझ्या गळ्यात आली होती, आणि तरी ते वाक्य वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले! गोड शब्दांपुढे माझी स्वतःची आठवण गप्प बसली. खोटे लिहिण्याचा हेतू माझ्या मनात नव्हता. मी फक्त आठवण्याचे कष्ट टाळले. साक्षीदाराने आठवण्याचे कष्ट टाळले की खोटी साक्ष आपोआप तयार होते.

कोणी म्हणेल, लेखनिक तर संतांनाही होते. खरे आहे. नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर महाराज बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी ज्ञानेश्वरी लिहून घेतली. तुकोबारायांचे अभंग संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांनी उतरवून घेतले. जनाबाईंचे अभंग तर प्रत्यक्ष पांडुरंगाने लिहिले अशी आपली श्रद्धा आहे. तेव्हा दुसऱ्याच्या हाताने लिहिले म्हणून काही कमीपणा येत नाही. पण या सर्वांत एक क्रम आहे. आधी बोलणारा बोलला, मग लिहिणाऱ्याने ऐकले, मग लेखणी चालली. माझ्या पत्रात क्रम उलटा झाला. लेखनिक आधी बोलला आणि मी नुसती मान हलवली.

आणखी एक उदाहरण मला रोज आठवते. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठ बिघडले होते ते त्यांनी नीट केले. ज्यांनी एकनाथी भागवत लिहिले, त्यांना ज्ञानेश्वरीत चार ओव्या घालणे अवघड होते काय? पण त्यांनी स्वतःची भर घातली नाही. उलट पुढच्यांना बजावले की यात आपली ओवी मिसळणे म्हणजे अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवणे. शुद्ध करणे आणि भर घालणे यांतली रेघ नाथांनी आपल्याला आखून दिली आहे. माझ्या सहायकाने शुद्धलेखन सुधारावे, लांबलेले वाक्य तोडावे, इंग्रजी करावे, ही नाथांच्या पहिल्या कामाची जात. त्याने दादांच्या आयुष्यात एक वाक्य घालावे, ही करवंटी. आणि ती ताटात मी वाढली.

सप्ताहात आपण वीणेचा पहारा करतो. वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पहाटे तीनलाही. आता तंबोऱ्याचा सूर देणारी विजेची पेटी निघाली आहे, भजनात आम्हीही ती वापरतो, कोणाची हरकत नाही. पण ती पेटी चालू करून पहारेकऱ्याने घरी जाऊन झोपावे असे कोणी म्हणत नाही. का म्हणत नाही? सूर तर अखंड राहील. पण जागणारा कोणी राहणार नाही. पहारा सुराचा नसतो, जागण्याचा असतो. गावाचे पत्र हाही एक पहारा आहे. दूर राहिलेल्यांच्या वतीने कोणीतरी इथे जागे आहे, पाहत आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो जागा नसेल तर पत्र कितीही सुरेल असो, पेटी वाजते आहे इतकेच.

आणि पाहा, त्या यंत्राने नेमके काय पुसले? पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता म्हणून देव विटेवर थांबला. आपल्या संप्रदायाचे दैवतच अशा एका न सुटलेल्या सेवेपाशी उभे आहे. दादांनी ती तीन वर्षे आजारी पत्नीच्या उशाशी काढली. त्यांच्या आयुष्यात पंढरी सर्वांत जवळ आली असेल तर त्याच तीन कार्तिकींना. सर्वसाधारण वारकऱ्याच्या चित्रात ती उणीव दिसली असती, म्हणून ती भरून निघाली. माणसाची खरी भक्ती पुष्कळदा अशा उणिवेतच असते. ती ठाऊक असते फक्त शेजाऱ्याला.

पुढच्या एकादशीचे पत्र मी हाताने लिहिले. ओबडधोबड झाले. आधी लिहिले की मागच्या पत्रातले ते वाक्य चुकीचे होते, ते मी न तपासता यंत्राकडून घेतले होते. मग वहिनींना विचारून तीन वर्षांची हकीगत लिहिली. शेवटी सहायकाला फक्त शुद्धलेखन पाहायला सांगितले, आणि तसे पत्राखाली नमूद केले. संतांच्या लेखनिकांची नावे आपल्यापर्यंत आली आहेत. मग माझा लेखनिक मी का लपवावा?

या वेळी वाहवा फारशी आली नाही. एकच उत्तर आले, आखातातल्या नोकरीवरून परत येऊन अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपाशी बसलेल्या एका मुलाचे. त्याने लिहिले, "काका, यंदा मी वारीला येत नाही. आता वाईट वाटत नाही."

सहायक अजून माझ्या संगणकावर आहे. मी त्याला काढून टाकलेला नाही, डोळे अधू झाल्यावर त्याची मदत मोलाची वाटते. नियम एवढाच ठेवला आहे की आधी मी आठवीन, जाऊन विचारीन, लिहीन, मग तो झाडलोट करील. आणि पाठवण्यापूर्वी ज्याच्याविषयी लिहिले त्याच्या घरच्यांना एकदा वाचून दाखवीन. आता दोन दिवस पुन्हा लागतात. वहिनींच्या ओटीवर चहा होतो, त्यात आणखी अर्धा दिवस जातो.

राम कृष्ण हरी.