चोरीची वेल

मनी प्लँट विकत आणला तर लाभत नाही, चोरूनच लावावा, असं आमच्या सोसायटीतले सगळे सज्जन सांगतात. एरवी भाजीवाल्याकडून दहा रुपये जास्त आले तर परत करणारी ही माणसं! पण माझा पडला बँकेतल्या कारकुनाचा जीव. मला शंका येते, की भांडवलच चोरीचं, तर व्याज कुणाचं?

वेलीला असले प्रश्न पडत नाहीत. पेर असलेली फांदी पाण्यात ठेवली, की तिला मुळं फुटतात. नुसतं पान कितीही शिताफीनं चोरा, त्याची वेल होत नाही. पुढे कुंडीत उजेड हवा, कडक ऊन नको आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको. अतिप्रेमानं मुळं कुजतात. पावतीची अट कुठेच नाही.

मग चोरायचं कशाला? मला वाटतं, मागितलं की उपकार होतात, आणि उपकारापेक्षा चोरी आपल्याला हलकी वाटते. वास्तविक छाटलेल्या वेलीला नवे फुटवे येतात. देणाऱ्याचंही वाढतं, घेणाऱ्याचंही. अशी ठेव आमच्या बँकेतसुद्धा नाही!

म्हणून गेल्या पावसाळ्यात मी छाटलेल्या फांद्या बाटलीत घालून दाराबाहेर ठेवल्या. वर चिठ्ठी लावली : 'खुशाल न्या.' आठवड्यानं पाहिलं, तर बाटलीतल्या फांद्या जशाच्या तशा होत्या. कुंडीतल्या वेलीचे दोन शेंडे मात्र गायब!