मलिक अंबर आणि बाकीचे

नगरजवळच्या भातोडीला १६२४ साली मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांची दाणादाण उडवली. तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, असं सांगतात. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी निजामशाहीच्या बाजूने लढताना इथेच पडले. विजयी सेनापती इथिओपियात जन्मलेला, कोवळ्या वयात विकला गेलेला. मोखा आणि बगदादच्या बाजारांतून फिरत तो दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. चंगेजखानही मूळचा हबशी गुलामच, आणि त्याच्या पदरी असे हजारभर हबशी होते.

त्या हजारांतल्या एकाचंच नाव आपल्याला येतं.

अंबर मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा झाला, अहमदनगरचा किल्ला १६०० साली पडल्यावर त्याने बुडती निजामशाही सावरली, खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवली, जमीनमहसुलाची घडी बसवली. मोगल बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका चिडून होता, की अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत असं चित्र त्याने दरबारी चित्रकाराकडून काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधी लागलं नाही. आपल्याला ही कथा आवडते, आणि का आवडते ते उघड आहे. गुलाम राज्य चालवू शकला, म्हणजे आपल्याकडची गुलामी फार वाईट नसावी, असा दिलासा तिच्यात दडलेला असतो. मला तो दिलासा संशयास्पद वाटतो. दख्खनी आणि आफाकी, म्हणजे परदेशातून आलेल्या, सरदारांच्या रस्सीखेचीत मालकाला भाऊबंद नसलेला, त्याच्यावाचून कुणीच नसलेला शिपाई हवा होता. नाती तोडलेला माणूस ही त्या काळची राजकीय गरज होती. तलवार हाती असल्याने त्यातले काही वर चढले, एवढंच.

अशा माणसांची किंमत बरेचदा आपल्याच कापडात मोजली जाई. इथिओपियाच्या दरबाराला हिंदुस्थानी वस्त्रांची हौस, आणि मोबदल्यात तिथून येई सोनं, हस्तिदंत आणि माणसं. त्याच किनाऱ्याने दक्षिणेला झांबेझी नदीपर्यंत गेलं, की हा व्यवहार उघडावाघडा दिसतो, आणि तिथे मालकाच्या जागी आपली माणसं भेटतात.

मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चाले. त्यामुळे झांबेझीच्या खोऱ्यात नशीब काढायला गेलेल्यांत गोंयकार पुष्कळ. १७६०च्या सुमारास गोन्सालो कायतान परेरा सोनं शोधत तिथे पोचला. स्थानिकांनी त्याला दोंबो-दोंबो म्हणायला सुरुवात केली, म्हणजे दहशत. नदीच्या उत्तरेला सोन्याच्या खाणींच्या छावण्या होत्या. तिथे माती खणून, धुऊन, सोन्याचे कण वेचायचं काम बहुतांशी गुलाम बायकांचं. सोनं निघेनासं झालं, की छावणी पुढे सरके आणि बायकाही. गंमत अशी, की त्याच मुलखात पोर्तुगीज राजाने दिलेल्या जमिनींचे पट्टे तीन पिढ्यांसाठी असत आणि आईकडून मुलीकडे जात. ‘दोना’ म्हणून मिरवणाऱ्या जमीनदारिणी हजारो एकर सांभाळत, आणि त्यांच्या मालकीच्या बायका पाण्यात उभ्या असत. बाई मालकीण झाली म्हणून बाईचं ओझं हलकं झालं नाही.

पुरुष गुलामांची तिथली फौज म्हणजे चिकुंदा. त्यांच्या हाती बंदुका. ते हत्ती मारत, वसुली करत आणि दुसऱ्या गावांवर छापे घालून नवे गुलाम आणत. नगरच्या हबशी शिपायाशी त्यांचं नातं जवळचं आहे. शस्त्र हाती आलं की गुलामाला प्रतिष्ठा मिळते, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी बेड्यांवर उभी राहते. अंबरच्या पदरीही गुलाम होतेच. त्याची थोरवी सांगताना हे वाक्य गाळायचं असेल, तर ती कथा आपण स्वतःसाठीच सांगत असतो.

परेरा घराणं पुढे इतकं आफ्रिकी झालं, की त्याच्या वंशजांनी तेते शहराच्या उत्तरेला मकांगाचं राज्य चालवलं आणि पोर्तुगिजांशीच लढाया केल्या. सीमेवरच्या मुलखात गोंयकाराचा मुलगा आफ्रिकी राजा होतो, हबशी पोरगा दख्खनी वजीर होतो. कातडीचा रंग आणि जन्माचं गाव तिथे आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी सैल असतं. सैल नसते ती मालकी.

म्हापशात १८३५ साली जन्मलेला मानुएल आंतोनियो द सोझा, उर्फ गोव्हेया, हा या मालिकेतला शेवटचा मोठा माणूस. नातेवाइकाची मालमत्ता सांभाळायला तो तरुणपणी मोझांबिकला गेला आणि गोरोंगोझात त्याने स्वतःची गढी, स्वतःची चिकुंदा फौज, जवळजवळ स्वतःचं राज्य उभं केलं. शेजारच्या बारुए राज्याच्या राजघराण्यातली मुलगी केली. मनिका प्रदेशातल्या सोन्यावर पोर्तुगिजांचा हक्क टिकवायची भिस्त त्याच्यावर होती. नोव्हेंबर १८९० मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश कंपनीच्या माणसांनी त्याला पकडून केपटाऊनला पाठवलं. सुटून आला आणि १८९२ मध्ये बारुएच्या लढाईत मारला गेला. पोर्तुगालने कागदोपत्री गुलामी १८६९ मध्येच उठवली होती. ज्यांना सोडलं, त्यांना त्याच मालकांकडे १८७८ पर्यंत काम करायला बांधून ठेवलं होतं. गोव्हेयाच्या राज्याची भरभराट त्यानंतरही चालूच होती.