नजरेने घेतलेले माप

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेतल्या ओरलँडो शहरात, एपिक युनिव्हर्स या नव्या उद्यानातल्या रोलर कोस्टरवर 32 वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याला जन्मापासून मणक्याचा विकार होता आणि तो व्हीलचेअर वापरत असे. अशा बातमीनंतरची प्रतिक्रिया ठरलेली असते: या लोकांना बसू देतातच कशाला? त्याआधी वर्षही झाले नव्हते, 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून भागणार नाही, त्यांतला काही भाग सक्तीचाच हवा. त्या निकालाचे स्वागत करणारे आणि या बातमीवर मान हलवणारे यांत बरीच मंडळी सामायिक असावीत, असा माझा संशय आहे. रॅम्प हवा, लिफ्ट हवी, स्वच्छतागृह हवे, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत. पाळण्याचा विषय निघाला की मात्र जो तो एकदम जबाबदार होतो.

या जबाबदारपणाविषयी मला बोलायचे आहे.

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वळसंग लागते. आमच्याकडच्या मुलांना पाळणा भेटतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. जानेवारीत सिद्धरामेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, होम मैदानावर. आणि शाळेची सहल खोपोलीला इमॅजिकात गेली तर तिथे. 2013 साली सुरू झालेल्या त्या उद्यानातला ‘नायट्रो’ एका ओळीत चौघांना बसवतो, पायाखालची फळी काढून घेतो आणि ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे पळवतो. अशा सहलींचे फोटो नीट पाहावेत. पाळण्यात किंचाळणारी मुले असतात, खाली हात हलवणारे सर असतात, आणि बऱ्याचदा एक मूल सगळ्यांच्या बॅगा सांभाळत बसलेले असते. त्याला कोणी ‘नाही’ म्हटलेले नसते. बॅगांपाशी कोणीतरी हवेच होते, आणि तेवढ्यात त्याच्या पायाकडे कोणाची तरी नजर गेली, एवढेच.

पहिला आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो. एसटीची पायरी चढता येत नाही, शाळेतल्या स्वच्छतागृहाचे दार व्हीलचेअरपेक्षा अरुंद, आणि तुम्ही कोस्टरचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप निदान वळसंगात तरी कोणी घेऊ नये. चवदार तळ्याचे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मेलो नव्हतो, तिथे जायचे ते आपणही माणसे आहोत हे प्रस्थापित करायला, अशा अर्थाचे बाबासाहेब 1927 साली महाडला बोलले होते. गरजांची उतरंड लावून हक्क वाटायचे नसतात, हे त्यात आले. दहा वर्षांनी, 1937 मध्ये, ते वळसंगला आले आणि इथल्या दलित वस्तीने स्वतः खणलेल्या विहिरीचे पाणी प्यायले. ती विहीर हे आमच्या गावाचे भूषण आहे. पण ती खणावी लागली, हे गावावरचे आरोपपत्रही आहे. वेगळी विहीर झाली म्हणून बाकीच्या पाणवठ्यांचा गुन्हा माफ झाला नव्हता.

हे आठवायला कारण आहे. 2023 च्या आरंभी नागपूरच्या पारडी भागात ‘अनुभूती’ या उद्यानाची घोषणा झाली: 90 हजार चौरस फूट जागा, सुमारे 12 कोटी रुपये खर्च, दिव्यांगांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आखणी. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत 2010 पासून ‘मॉर्गन्स वंडरलँड’ आहे. तिथे व्हीलचेअरसकट झोका घेता येतो आणि अपंग पाहुण्यांना प्रवेश फुकट आहे. दोन्हींची आखणी सर्वांसाठी आहे, दोन्ही चांगली आहेत. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. ‘तुमच्यासाठी ते केले आहे ना, मग इथे कशाला?’ असे म्हणायला त्यांचा जो उपयोग होऊ लागतो, त्याविषयी आहे. डोळ्यांना चष्मा लावून कोस्टरचा आभास देण्याची जी कल्पना मधूनमधून कोणी मांडतो, तिच्यावर मी शाई खर्च करणार नाही. असे ग्राहक किती, हा हिशेबही दुकानदाराने दुकानातच ठेवावा.

खरा प्रतिपक्ष एकच आहे, आणि तो सभ्य आहे. तो म्हणतो: हा भेदभाव नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. या वाक्यापुढे भलेभले गप्प होतात, कारण सुरक्षेविरुद्ध कोण बोलणार? म्हणून ते वाक्यच उघडून पाहिले पाहिजे.

जुलै 2011. न्यूयॉर्क राज्यातल्या डेरियन लेक उद्यानात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक कोस्टरवरून बाहेर फेकला गेला आणि मरण पावला. सुरक्षावाद्यांचे हे आवडते उदाहरण. पण तिथे झाले काय? त्या पाळण्यात माणसाला धरून ठेवणारा मुख्य दांडा मांड्यांवर बसतो. गाडी टेकाडावरून खाली झेपावताना शरीर आसनावरून वर उचलले जाते, आणि तेव्हा दांडा अडवतो तो मांड्यांना. मांड्याच नसतील तर दांड्याला धरायला काही उरत नाही. दोन्ही पाय असल्याशिवाय बसू नये, असा त्या पाळण्याचा नियमही होता. कामगारांनी तो पाळला नाही. देशासाठी पाय दिलेल्या माणसाला कोण अडवणार, असेच कदाचित त्यांच्या मनात आले असेल. म्हणजे त्यांनीही माप घेतले नाही, माणसाकडे पाहिले आणि ठरवले. या वेळी नजर प्रेमळ होती, इतकाच फरक.

मार्च 2022. पुन्हा ओरलँडो. उंच मनोऱ्यावरून सरळ खाली सोडणाऱ्या ‘फ्रीफॉल’ पाळण्यातून 14 वर्षांचा मुलगा पडून गेला. त्याला कोणतेही अपंगत्व नव्हते. अंगाने मात्र तो भरदार होता, ठरवून दिलेल्या वजनापेक्षा बराच जड. चौकशीत निघाले की त्याच्या आसनाचा सेन्सर हाताने फिरवून ठेवलेला होता. त्यामुळे खांद्यावरचा पट्टा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उघडा राहिला तरी यंत्राने ‘बंद आहे’ असेच मानले. जाड माणसांनाही बसता यावे म्हणून केलेली ‘सोय’ असावी ती. नेहमीचे आसन ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठीचे पर्यायी आसन म्हणजे काय नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. आसन बदलणे हे निर्मात्याचे काम आहे, गणित आणि चाचणी करून. आसन सैल करणे हे पान्हा हातात असलेल्या कोणालाही जमते.

आणि आपल्याकडे? जुलै 2019 मध्ये अहमदाबादच्या कांकरियात लंबकासारखा झुलणारा पाळणा मोडून पडला, दोघे गेले. एप्रिल 2025 मध्ये दिल्लीतल्या कापसहेडा इथल्या उद्यानात कोस्टरवरून पडून एक तरुणी गेली. इथे सुरक्षा कुठे होती, हे ज्यांनी विचारायचे ते व्हीलचेअर दिसताच जागे होतात.

एपिक युनिव्हर्समधला मृत्यू माझ्या मताला जड जातो, हे मान्य. तिथे नजरेने कोणाला हाकलले नव्हते, तरी माणूस गेला. पण त्यावरून ‘व्हीलचेअरवाले नकोत’ हा निष्कर्ष काढणे म्हणजे पुन्हा नजरेकडेच जाणे. व्हीलचेअर हे माप नाही. लहानपणी पोलिओ झालेला, पण धड आणि दंड मल्लासारखे असलेला माणूस व्हीलचेअर वापरतो. मानेचे स्नायू साथ देत नाहीत अशी मुलगीही वापरते. कोस्टरच्या तळाशी माणसाचे वजन क्षणभर चौपट भासते, पुढच्या क्षणी ते उणे होते. तेव्हा लागते काय? मानेवर डोके तोलता यावे, धड सरळ राहावे, निदान एका हाताने पकडता यावे, दांड्याखाली मांडी पुरेशी लांब यावी, पट्टा बंद व्हावा. हे पाचही प्रश्न प्रत्येकाला विचारता येतात. यांची उत्तरे खुर्चीला चाके आहेत की नाहीत यावरून मिळत नाहीत.

मी ज्या भेदावर अडून बसलो आहे तो हाच. आसनाची मर्यादा मोजता येते, लिहिता येते, दारावर लावता येते, उद्या आसन बदलले तर तीही बदलते. माणसाची मर्यादा मात्र दारावरचा माणूस नजरेने ठरवतो आणि ती माणसाला चिकटून राहते. परदेशातल्या अनेक कोस्टरांच्या दारात चाचणीचे आसन ठेवलेले असते. पोट सुटलेला व्यापारी त्यात बसतो, पट्टा लागत नाही, तो हसतो, बायकोला म्हणतो ‘तू जा’. त्याचा अपमान होत नाही, कारण खुर्चीने त्याला नाकारले आहे. (वजन कमी करण्याचा संकल्प तो जेवणाआधीच विसरतो.) व्हीलचेअरवरच्या माणसाला त्या आसनात बसून पाहायलाच कोणी सांगितले नाही, तर त्याला खुर्चीने नाकारलेले नसते.

कायद्यालाही हे सुचलेले आहे, निराळ्या भाषेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 3 म्हणते की अपंगत्वावरून वेगळी वागणूक द्यायची असेल तर ती योग्य हेतूसाठी आणि त्या हेतूच्या प्रमाणात आहे, हे दाखवून द्यावे लागेल. दाखवायचे ते नाकारणाऱ्याने. विमानांच्या बाबतीत आपण हे अवघड वाटेने शिकलो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना 2012 मध्ये विमानातून उतरवले गेले, आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 10 लाखांची भरपाई द्यायला लावली. मे 2022 मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात घेतले नाही. कंपनीला 5 लाखांचा दंड झाला, आणि मग नियमच बदलला: प्रवाशाची तब्येत बिघडेल असे वाटले तर विमान कंपनीने परस्पर ठरवायचे नाही, आधी डॉक्टरने तपासून सांगायचे. उडत्या विमानात जे जमते ते रुळावरच्या गाडीत का जमू नये, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

एक उत्तर मात्र ऐकण्यासारखे आहे. गाडी चढणीवर अडकली तर लोकांना अरुंद जिन्याने चालत उतरवावे लागते. अंध माणूस, पाय नसलेला माणूस कसा उतरणार? हा प्रश्न खोटा नाही. पण तो प्रवाशाविषयी नाही, जिन्याविषयी आहे. घाबरून गोठलेली बाई, चक्कर आलेला मुलगा, हेही त्याच जिन्यावर असतात. उचलून न्यायचे झोळीचे आसन आणि ते वापरायला शिकलेली दोन माणसे ही त्यांचीही गरज आहे. ज्या उद्यानाकडे ते नाही, त्याने कोणालाच वर नेऊ नये.

पर्यायी आसनाचे तंत्र फार गूढ नाही. अमेरिकेच्या 2010 च्या सुगम्यता मानकांत नव्या पाळण्यांसाठी तीन वाटा दिल्या आहेत, त्यांतली निदान एक असलीच पाहिजे: व्हीलचेअरसकट बसण्याची जागा, किंवा व्हीलचेअरवरून सरकून बसता येईल असे आसन, किंवा त्या सरकण्याला मदत करणारे साधन. वेगवान कोस्टरवर पहिली वाट बहुधा बंदच असते, उरलेल्या दोन असतात. शिवाय गाडी सुटते त्या फलाटापर्यंत पोचता आले पाहिजे. तिथे आपण आधीच हरतो, कारण रांगच जिन्याने वर जाते.

इथे गड्ड्याची आठवण काढून कोणी म्हणेल, आमच्याकडे या कशाची गरजच नसते. पाळणेवाला आजीला उचलतो, पाळण्यात ठेवतो, ‘घट्ट धरा मावशी’ म्हणतो. मलाही हे आवडते. पण डेरियन लेकचे कामगार आणि हा पाळणेवाला यांच्यात मला फरक दिसत नाही. नजरेने ‘बसा’ म्हणणारा उद्या नजरेनेच ‘राहू दे’ म्हणतो, आणि दोन्ही वेळा आजीला काही विचारलेले नसते. उचलून घ्यायचे की स्वतः सरकायचे, हे तिने सांगावे.

म्हणून पाळण्याला परवाना देताना एक जादा कागद मागावा. प्रत्येक पाळण्याच्या आसनाला काय लागते, त्याचे कोष्टक. ते निर्मात्याने द्यावे, मराठीत दारावर लावावे, आणि कोणाला नाकारले तर कोष्टकातल्या कोणत्या ओळीमुळे, ते लिहून द्यावे. खोपोलीसारख्या ठिकाणी हे अवघड नाही, कारण तिथल्या यंत्रांबरोबर निर्मात्याची पुस्तके आलेली असतात. होम मैदानावर गंमत होईल. तिथल्या कित्येक पाळण्यांना निर्मात्याचे पुस्तक नसते. आडवी साखळी आणि एक कडी एवढेच असते. मांडी किती लांब हवी, मान किती तोलावी, कडी किती ओढ सोसते, हे प्रामाणिकपणे भरायला बसले तर काही पाळण्यांत दिव्यांग सोडाच, धडधाकट माणसालाही बसवता येणार नाही असे निघेल. तेव्हा सुरक्षेचे कैवारी तो पाळणा बंद करा म्हणतात की कोष्टक नको म्हणतात, हे मला पाहायचे आहे.